ढवळे सरांनी बंद केलेला राब

ढवळे सरांबद्दल चार चांगले शब्द लिहून द्या, असं शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी मला सांगितलं. सर गेले त्याला तीन महिने झालेत आणि मुलांना त्यांच्या नावाने एक पुस्तिका काढायची आहे. मी दोन दिवस कागद पुढे घेऊन बसलो. शब्द सुचले, पण चांगले सुचेनात. शेवटी ठरवलं, माणूस होता तसा लिहू. त्यांनी छापलं नाही तरी माझं काही बिघडत नाही.

मला हा माणूस आवडत नव्हता. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या कौलारू शाळेत आम्ही अकरा वर्षं एकत्र नोकरी केली. मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान आणि भूगोल. एकाच कपाटाचा वरचा कप्पा त्यांचा आणि खालचा माझा. वरच्या कप्प्यात दगड असायचे. त्यांची माती माझ्या वह्यांवर गळायची, आणि मी तक्रार केली की ते म्हणायचे, "देसले, ती माती नाही. तो तुमच्या शाळेपेक्षा जुना पुरावा आहे." माझ्या निबंधांच्या वह्या मी अकरा वर्षं झटकून तपासल्या.

ते जुन्नरकडचे, म्हणजे आमच्या भाषेत घाटावरचे. अंगाने काटकुळे, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत फडक्यात गुंडाळलेली हातोडी. शिक्षकांच्या खोलीत आले की पिशवी टेबलावर आपटायची. नमस्कार केला तर उत्तरादाखल फक्त "हं". रस्त्यात वेगळा दगड दिसला की उचलायचा, फोडायचा आणि फुटलेली बाजू जिभेने ओली करून डोळ्यांजवळ न्यायची. ओला केल्यावर रंग खरा दिसतो म्हणे. मुलांनी त्यांचं नाव दगडचाट्या ठेवलं होतं. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काहीही वाटत नव्हतं, याचाही मला राग यायचा.

त्यांना एकच विषय होता. पृथ्वीवरचे बहुतेक सगळे जीव एकदम मेले, असं पाच वेळा घडलं, हा तो विषय. तास गांडुळाचा असो नाहीतर वाऱ्यांचा, पंधराव्या मिनिटाला ते त्या मरणांवर यायचे. सगळ्यात मोठं मरण पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं. आजच्या रशियाच्या उत्तर भागात जमीन फाटली, लाव्हा वर आला, आणि येताना वाटेतले दगडी कोळशाचे थर जाळत आला. कोट्यवधी वर्षं जमिनीत पुरलेला कोळसा धूर होऊन हवेत गेला. हवा तापली, समुद्र तापला, पाण्यातला प्राणवायू गेला आणि समुद्र कुजला. कोळशाचा भाग पुस्तकात नव्हता. तो कुठल्यातरी मासिकातल्या लेखावरून आणि स्वतःच्या डोक्याने त्यांनी बसवलेला होता, पण सांगताना ते असे सांगायचे की जणू पंचनाम्याला स्वतः हजर होते.

"पृथ्वीची काळजी करू नका," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "ती पाच वेळा रिकामी झालीय आणि पाच वेळा भरलीय. स्वतःची करा." आठवीतल्या पोरांना हे सांगायचं. एकदा एका मुलीने घरी जाऊन जेवण टाकलं, तर तिची आई शाळेत भांडायला आली. सरांनी त्या बाईला उभं करून तोच धडा पुन्हा पहिल्यापासून ऐकवला.

माळशेज घाटातल्या सहलीचं तर नावच काढू नका. पोरं धबधब्यासाठी आलेली असायची, आणि ढवळे सर धबधब्याच्या आधीच गाडी थांबवायला लावायचे. रस्त्यासाठी फोडलेल्या काळ्या कातळात तिथे कमरेएवढ्या उंचीवर वीटकरी लाल रंगाचा एक पट्टा आहे. खाली काळा दगड, वर काळा दगड, मध्ये तो लाल. सगळ्यांनी रांगेने त्या पट्ट्यावर हात ठेवायचा, शिक्षकांनीसुद्धा. मग ते सांगायचे की हा सगळा सह्याद्री म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, थरावर थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी अवाढव्य सरड्यांचा निकाल लागला त्या सुमारासचा. काही जण म्हणतात आकाशातून दगड पडला म्हणून मेले, काही म्हणतात या लाव्हाच्या धुराने, बहुधा दोन्ही. पण एक थर थंड झाला की वर माती व्हायची, गवत यायचं, किडामुंगी यायची. ती माती म्हणजे हा लाल पट्टा. वरून दुसरा थर आला की ती भाजून निघायची.

"पहिल्या थराने कुणी संपत नाही," ते म्हणायचे. "दोन थरांमध्ये सवड मिळाली तर सगळं परत येतं. मेले ते सवड मिळाली नाही म्हणून मेले. आपण जे चालवलंय ना, त्यात सवड नाही."

हे मी आज इतकं नीट लिहू शकतो कारण अकरा सहलींत मी ते अकरा वेळा ऐकलं आहे. पोरं तोवर गाडीत बसून धबधब्यासाठी बोंबलत असायची.

लोकांचा पाणउतारा करण्यात ते वाकबगार होते. आमच्या खेळाच्या शिक्षकांनी, भोईर सरांनी, नवी मोटरसायकल घेतली. हार घातला होता, नारळ फोडला होता, पेढे वाटत होते. ढवळे सरांनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, घर किती लांब? भोईर म्हणाले, दीड किलोमीटर. "म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात मेलेल्या जिवांना जाळून तुम्ही आता दीड किलोमीटर येणार. पायाला काय झालंय?" पेढा त्यांनी खाल्ला, हे विशेष. भोईर सरांनी त्यानंतर त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला. शहापूरच्या विज्ञान प्रदर्शनात तर त्यांनी कहर केला. पाच मरणांचा तक्ता लावला होता, त्यात सहावा चौकोन कोरा होता. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांनी सहज विचारलं, हा का रिकामा ठेवलाय? ढवळे म्हणाले, "आपलं भाषण होऊ द्या, मग भरू." पाहुणे खडीच्या खाणींचे मालक होते आणि शाळेच्या नव्या खोल्या तेच बांधून देणार होते. त्या खोल्या आजतागायत झालेल्या नाहीत.

इथवर वाचून कुणाला वाटेल, तऱ्हेवाईक माणूस होता, सोडून द्या. मीही सोडलं असतं. पण त्यांनी आमच्या राबाला हात घातला.

आमच्याकडे भाताचं रोप करायचं तर आधी राब भाजतात. उन्हाळ्यात ऐनाच्या, किंजळीच्या फांद्या तोडून आणायच्या, त्या रोपाच्या तुकड्यावर पसरायच्या, वर शेण, पालापाचोळा, गवत, त्यावर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवून द्यायचं. जमीन हळूहळू भाजते, तणाचं बी मरतं, राख होते. मग त्यात भात पेरतात. चैत्र-वैशाखात आमच्या अख्ख्या तालुक्यावर निळसर धूर असतो.

तो धूर ढवळे सरांना सात वर्षं खुपत होता. आठव्या वर्षी त्यांनी हेडमास्तरांना गाठलं. वर्तमानपत्रांत तेव्हा पृथ्वी तापण्याच्या बातम्या यायला लागल्या होत्या, हेडमास्तरांना वरिष्ठांना दाखवायला काहीतरी हवंच होतं. झालं, राबमुक्त गाव! प्रभातफेरी निघाली, पोरांच्या हातात पुठ्ठ्याचे फलक दिले. प्रत्येक मुलाने घरून वचन आणायचं, यंदा राब भाजणार नाही, पाला कुजवून खत करू. गावाने हसून हो म्हटलं आणि बऱ्याच जणांनी लांबच्या तुकड्यावर पहाटे उठून गुपचूप राब उरकला.

आमच्या घरी तसं करता येईना. मी शाळेतला मास्तर. माझी पुतणी सुनंदा आठवीत, तिनेही वचनाचा कागद भरलेला. माझा थोरला भाऊ दादा आणि वहिनी शेती करायचे, माझी नोकरी होती म्हणून मी नुसता खाण्यापुरता शेतकरी. वहिनीने फांद्या आणून रचलेल्या होत्या. ती म्हणाली की रोप गेलं तर वर्षाचा तांदूळ गेला, आपण भाजून टाकू, कोण बघतंय. मी ऐकलं नाही. मास्तराच्याच घरचा राब पेटला तर शाळेत तोंड कसं दाखवू, असं म्हणून मी अडून बसलो. दादा माझ्या शिक्षणाला मान द्यायचा. त्याने वहिनीला गप्प केलं. ढवळ्यांच्या नावाने मी पुढे कितीही बोटं मोडली, तरी घरातलं काम मी स्वतः केलं होतं.

पेरणीनंतर पंधरा दिवसांत वाफा हिरवागार झाला. दादा खूश, मी त्याहून खूश. वहिनी वाकून बसली, दोन काड्या उपटल्या, बोटांत फिरवल्या आणि टाकून उठली. वाफ्यात भात चार आणे होतं आणि बाकी सगळं भातासारखं दिसणारं गवत. निंदायला बसलं की गवताबरोबर भातही उपटून यायचं. वचन पाळणाऱ्या सात-आठ घरांत तीच गत झाली.

ढवळे सर बघायला आले. बांधावर उभे राहिले, हातोडीची पिशवी खांद्याला. मी त्यांना नाही नाही ते बोललो. घाटावरून येऊन आम्हाला शेती शिकवता का, इथपासून सुरुवात केली. ते ऐकत होते, आणि अधूनमधून म्हणत होते की पाला नीट कुजला नसणार, पद्धत बरोबर आहे, अंमलबजावणी चुकली. त्या 'अंमलबजावणी' शब्दाने माझं टाळकं फिरलं. तेवढ्यात वहिनी वाफ्यातून उठली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"सर, एक इचारू का? आमची सुनंदा घरी सांगते तुमी शिकवता ते. जमिनीतला जुना कोळसा जळला नि समदी मेली. आमी काय कोळसा जाळतो? ह्यो पाला गेल्या पावसातला. आमी जाळतो, नि येत्या पावसात तो परत झाडावर येतो. तुमचा कोळसा कवा परत आलाय?"

भोईरांच्या मोटरसायकलीला जो हिशेब त्यांनी लावला होता तोच वहिनीने त्यांना लावून दाखवला होता. जमिनीत पुरलेलं बाहेर काढून जाळणं वेगळं, आणि वर्षाचं वर्षाला फिरतं ते वेगळं. डोळ्यांदेखत धूर दिसतो म्हणून त्यांनी वहिनीला धरलं होतं. ज्या धुरावर ते आयुष्यभर बोलत आले तो आमच्या गावातून दिसतही नव्हता. ते बांधावरून उतरले आणि निघून गेले. माफी नाही, काही नाही.

पुढच्या चार दिवसांत मात्र मी एक पाहिलं. ज्यांनी गुपचूप राब भाजला होता त्यांच्याकडे रोप उरणार होतं. आमच्यात लावणी आटपली की उरलेलं रोप मागणाऱ्याला देतात. पण यंदा मागणारे फार आणि देणाऱ्यांना टोमणे मारायची आयती संधी. ढवळे सर दारोदार फिरले. ज्या माणसाने कधी कुणाकडे खडू मागितला नाही तो पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून चिखलात उभा राहून रोप मागत होता. एका म्हाताऱ्याने त्यांना सगळ्या आळीसमोर विचारलं, राब बरा का वाईट, ते आधी बोला. सर म्हणाले, "बरा." मग त्याने रोप दिलं. डोक्यावर रोपाच्या मुठी घेऊन, गाळाचं पाणी शर्टावर गळत, ते आमच्या बांधावर आले, ओझं टाकलं आणि गेले. असं सहा-सात वेळा. आमचं निम्मं शेत लागलं, निम्मं पडीक राहिलं.

वर्गात त्यांनी काय सांगितलं ते सुनंदाने मला सांगितलं. "राबाचं मी चुकीचं शिकवलं. तुमच्यापैकी कुणी मला विचारलंही नाही. मी नापास, तुम्हीही नापास. पुढचा धडा काढा." वहिनीला मात्र ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. तीन-चार वर्षांनी संस्थेने त्यांची बदली शहापूरच्या शाळेत केली. निरोपसमारंभात मी भाषण करायला नकार दिला.

आमच्या घराचं पुढे असं झालं. निम्म्या शेताचं भात फाल्गुनापर्यंत पुरलं. दुसऱ्या वर्षी राब नीट भाजला, रोप झकास आलं, आणि भात पोटरीत, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना पाऊस तीन आठवडे तोंड दाखवेना. लोंब्या आल्या त्या पोचट. तिसऱ्या वर्षी पीक उभं राहिलं, कापलं, शेतात वाळत घातलं आणि दिवाळीनंतर त्यावर दोन दिवस पाऊस पडला. कापलेलं भात आडवं पडल्या जागी उगवलं. असा पाऊस दादाने जन्मात पाहिला नव्हता. चौथ्या वर्षी दादाने उन्हाळ्यात फांद्या तोडल्याच नाहीत. मुंबईच्या एका गृहस्थांना फार्महाऊससाठी जागा हवी होती. सातबाऱ्यावर माझंही नाव होतं, सही मीही केली. दादा एमआयडीसीत रखवालीला लागला. वहिनी त्याच जागेत झालेल्या बंगल्यात स्वयंपाकाला जाऊ लागली. माणसं शनिवार-रविवारी येतात, तेव्हा भाकऱ्या चुलीवरच्या लागतात म्हणून बाहेर एक चूल मुद्दाम बांधून घेतली आहे.

सर निवृत्त झाल्यावर मला एकदाच भेटले, मुरबाडच्या स्टॅंडवर. आणखी वाळले होते. पिशवी तीच. मी टाळून पुढे जाणार होतो, पण त्यांनी हाक मारली आणि नमस्कार वगैरे काही न करता विचारलं, "वहिनी राब भाजतात ना?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं माझ्या तोंडाशी आलं. मी म्हटलं, तुमच्या मनासारखं झालं सर, आमच्या आळीत आता एकही राब पेटत नाही. आणि भर स्टॅंडवर त्यांना एकेक वर्ष मोजून सांगितलं. त्यांच्याच भाषेत सांगितलं, मुद्दाम. पहिला थर तुमचा होता. दुसरा लगेच पुढच्या वर्षी आला. तिसरा त्याच्या पुढच्या. तुम्हीच म्हणायचात ना, पहिल्या थराने कुणी संपत नाही.

त्यांना लागावं म्हणून मी हे बोललो आणि ते लागलं. पण त्याचा जो आनंद व्हायला हवा होता तो मला झाला नाही. त्यांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "मला त्यांच्याकडे न्या."

रविवार होता. आम्ही जीपने फाट्यावर उतरलो आणि चालत बंगल्यापाशी गेलो. रखवालदार ओळखीचा असला तरी आत सोडेना, म्हणून वहिनीला बाहेर बोलावलं. ती पिठाचे हात तसेच घेऊन फाटकाशी आली. सरांना तिने ओळखलं, पदर सारखा केला. सर गजांच्या अलीकडे, ती पलीकडे. आठ-नऊ वर्षांनी त्यांनी ते वाक्य उच्चारलं.

"वहिनी, त्या वर्षी माझं चुकलं. राब बंद करा म्हणायला नको होतं."

वहिनी म्हणाली, "त्या वरसाचं तुमी बोललाव, बरां झालां. पन त्याच्या म्होरली दोन वरसां सर? ती कोनाची चुकी?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला ढवळे सर जन्माला आले होते. एखाद्या पावसाचं खापर कुणा एकाच्या माथी फोडता येत नाही, हेही त्यांनी सांगितलं असतं, आणि मग पुरलेला कोळसा, तेल, धुराडी, गाड्या, सगळं पहिल्यापासून सांगितलं असतं. आत मोठ्या तीन गाड्या उभ्या होत्या. वीज गेलेली, त्यामुळे बंगल्यामागे जनरेटर धडधडत होता आणि खिडक्यांवरची गार हवेची यंत्रं चालू होती. मालक व्हरांड्यात येऊन, बाई कुणाशी बोलत्येय, ते बघत उभे होते. आवाज तिथवर सहज गेला असता. मी मनात म्हटलं, आता हा माणूस सुटणार आणि वहिनीची नोकरी जाणार.

सरांनी गाड्यांकडे पाहिलं, मग मालकांकडे, मग वहिनीच्या पिठाच्या हातांकडे. "तवा तापला असेल, तुम्ही जा," असं हळू म्हणाले आणि वळून फाट्याच्या दिशेने चालू लागले. इतक्या वर्षांच्या ओळखीत मी त्यांना उत्तर ठाऊक असून गप्प बसलेलं तेवढं एकदाच पाहिलं.